धोटा कोणाचा, कांडी कोणाची?

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर कापड विणतात पुरुष आणि त्यासाठी सूत कांडीवर भरतात बाया. ही वाटणी कशी झाली, कामाच्या जागी समानता आणणारी धोरणे कांडी भरणाऱ्या बाईपर्यंत का पोचत नाहीत, आणि नवे माग आले की तिचे काय होणार?

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्यातून आत शिरून जुन्या वस्तीच्या गल्ल्यांकडे वळले, की माग दिसण्याआधी ऐकू येतात. कुठे पत्र्याची शेड, कुठे घराचाच तळमजला. आत चार, सहा, आठ माग ओळीने चाललेले. दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभा राहून विणकर सगळ्यांवर नजर ठेवतो. धोटा ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावत असतो आणि त्याच्या पोटातली कांडी काही मिनिटांत रिकामी होते. विणकर माग थांबवतो, रिकामी कांडी काढून भरलेली बसवतो, माग पुन्हा सुरू करतो. तेवढ्यात शेजारच्या मागावर धागा तुटलेला असतो.

ती भरलेली कांडी बहुतेकदा पलीकडच्या खोलीतून किंवा मागच्या गल्लीतल्या घरातून आलेली असते. तिथे कांडी मशीनसमोर बाई बसलेली असते. समोर सुताचे कोन, चात्यांवर गरगर फिरणाऱ्या कांड्या. धागा तुटला की दोन्ही टोके चिमटीत धरून क्षणात गाठ मारायची. गाठ जाड झाली तर कापडात दिसते, सैल राहिली तर धोट्यातून सुटताना धागा पुन्हा तुटतो. कांडी घट्ट भरली तर सूत ओढले जाते, ढिली भरली तर थर घसरतात. बोटांना हा ताण कळायला वर्षे लागतात. हे सगळे करत असताना चुलीवरच्या भाताकडे लक्ष द्यायचे, शाळेतून आलेल्या पोराला वाढायचे आणि पाण्याची वेळही सांभाळायची.

विणकराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते, कांडीवालीची भरलेल्या सुतावर. दुसरा हिशेब पहिल्यापेक्षा कितीतरी लहान असतो. शिवाय विणकराला निदान कारागीर म्हटले जाते. कांडीवालीचे काम मात्र ‘घरबसल्या चार पैसे’ या सदरात जाते.

बाई मागावर का उभी राहत नाही, असे विचारले की गावात उत्तरे तयार असतात. माग जड असतो. पाळी रात्रीची असते. पदर किंवा ओढणी पट्ट्यात अडकेल. बायकांना इतके तास उभे राहवत नाही. आणि शेवटी, बायकांची बोटे नाजूक, त्यांना बारीक कामच जमते. जगभरच्या मोठ्या कंपन्यांत स्त्री-पुरुषांच्या ‘स्वभावतः वेगळ्या’ क्षमतांवर जो वाद चालतो, तोच इथे दोन खोल्यांच्या मध्ये उभा आहे, आणि त्यावर एका कुटुंबाची रोजची मिळकत ठरते.

विणकाम हेच मुळात पुरुषाचे काम आहे, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांतले सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. लांब जायलाही नको. बुऱ्हाणपूर ज्या निमाडात आहे त्याच निमाडात, नर्मदेच्या काठी महेश्वरला १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. तिथे स्त्रिया हातमागावर बसल्या आणि महेश्वरी साडीचा बुडत चाललेला धंदा सावरला. मुलांसाठी शाळा, आरोग्याची सोय, घरे ही तिथे कामाच्या व्यवस्थेचाच भाग मानली गेली. सॅली होळकर यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ताणा, बाणा, धोटा हे शब्द महेश्वरात आणि बुऱ्हाणपुरात सारखेच आहेत. हातमागाच्या जागी विजेचा माग आला, तेव्हा जास्त मजुरीची जागा पुरुषाकडे गेली आणि कमी मजुरीची बाईकडे राहिली. वास्तविक विजेचा माग चालवायला हातमागापेक्षा अंगातली ताकद कमीच लागते. बळाचाच प्रश्न असता तर वाटणी उलटी व्हायला हवी होती.

जिनापासून गिरणीपर्यंत

तापीकाठचा हा सगळा पट्टा शतकानुशतके कापसावर आणि कापडावर जगला. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये बुऱ्हाणपुरात आला, तेव्हा इथले तलम कापड इराण, तुर्कस्तानापर्यंत जात होते. पुढे वाफेची यंत्रे आली, खानदेशात जिन आणि प्रेस उभे राहिले, आणि त्यांत कामाला मोठ्या संख्येने बायाच होत्या. १८८४ मध्ये नेमलेल्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांविषयी झालेली साक्ष आजही वाचवत नाही. पहाटे चारला दरवाजे उघडायचे, म्हणून मजूर तीनलाच येऊन थांबत. काम रात्री दहापर्यंत चाले. मोबदला तीन-चार आणे. हंगामाच्या भरात तीच माणसे दिवसरात्र सलग राबत. बाईला रात्री काम झेपत नाही, असे तेव्हा कुणीही म्हटले नव्हते.

कामगारांची बाजू मांडायला पुढे आले ते नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक परंपरेतल्या या पुढाऱ्याने २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जूनपासून गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला. आज अकरा तास हा आकडा धक्कादायक वाटतो, पण त्या काळी तो दिलासा होता.

संरक्षणाच्या कायद्यांना पुढे दुसरी बाजूही आली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, आणि त्यांतल्या बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत म्हणजे सूत गुंडाळण्याच्याच कामात होत्या. मग दुहेरी-तिहेरी पाळ्या आल्या. स्त्रियांना रात्रपाळीला बंदी असल्याने तिन्ही पाळ्यांना चालणारा कामगार म्हणजे पुरुष, असे समीकरण बसले. जलद चालणारी वाइंडिंग यंत्रे आली आणि कमी माणसांत जास्त काम होऊ लागले. कपात झाली ती बायांच्या खात्यात. १९७० च्या दशकापर्यंत गिरण्यांतले त्यांचे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली घसरले होते. त्या काळात संपांत आघाडीवर राहिलेल्या उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या कपातीविरुद्ध आवाज उठवला. तरी गिरणगावच्या इतिहासात त्या बायांची ओळख ‘कामगाराची बायको’ म्हणूनच जास्त उरली.

बाळंतपणाच्या रजेवरचा वादही तेव्हापासूनचा. मुंबई विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन गोष्टी मांडल्या. मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला मोकळे सोडता येणार नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो. १९२९ मध्ये कायदा झाला. पैसे कुणी द्यायचे, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र शंभरीला आला तरी सुटलेला नाही.

फरक असतो का? असला तर किती?

२०१७ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने कंपनीच्या विविधता धोरणावर दहा पानी टिपण लिहिले. तंत्रज्ञानात स्त्रिया कमी असण्यामागे काही अंशी जैविक फरक आहेत, असा त्याचा सूर होता. कंपनीने त्याला काढून टाकले आणि जगभर वाद पेटला. हा प्रश्न रागाने उडवून लावण्यासारखा नाही, त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

सरासरीत फरक दिसतात, हे खरे आहे. पण ते केवढे? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अशा ४६ एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला. तेव्हा मोजलेल्या फरकांपैकी सुमारे ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा जवळपास शून्य निघाले. ताकद आणि फेकण्याचा वेग यांसारख्या काही गोष्टींत मोठे अंतर होते. बाकी ठिकाणी एकाच गटातल्या दोन व्यक्तींमधले अंतर दोन गटांच्या सरासरीतल्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणजे समोरची बाई माग चालवेल की नाही, हे तिच्या लिंगावरून ठरवणाऱ्याचा अंदाज बहुधा चुकणार.

त्याहून बोलका पुरावा भारतातलाच आहे. ईशान्य भारतात खासी आणि कार्बी हे समाज शेजारी राहतात. खासींमध्ये वारसा आईकडून मुलीकडे जातो, कार्बींमध्ये बापाकडून मुलाकडे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही समाजांतल्या सुमारे १,३०० जणांना आकार जुळवण्याचे कोडे सोडवायला दिले. अवकाशीय बुद्धी, म्हणजे यंत्रकामासाठी जी लागते असे म्हणतात, ती मोजणारे हे कोडे होते. कार्बींमध्ये पुरुष पुढे होते. खासींमध्ये स्त्री-पुरुषांत फरक उरला नाही. शिक्षण आणि मालकी बदलली, तसे ‘नैसर्गिक’ म्हटलेले अंतर मिटले.

आता कांडी मशीनकडे परत पाहू. सुताचा ताण ओळखणे, तुटलेले टोक शोधणे, आठ-दहा फिरत्या चात्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे आणि चुकलेली चाती नेमकी थांबवणे ही कौशल्ये विणकराच्या कौशल्यांपासून फार दूर नाहीत. पण एकाच कामाचे दोन तुकडे केले आणि एकाला पुरुषाचे, दुसऱ्याला बायकांचे नाव दिले की दर वेगळे ठेवायला कारण मिळते. समान कामाला समान वेतन देणारा १९७६ चा कायदा तिथे हात टेकत असे, कारण तो ‘तेच किंवा त्यासारखे’ काम शोधत असे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचे म्हणणे होते की त्यांची वर्गवारीच वेगळी आहे. ऑड्री डिकॉस्टा यांच्या बाजूने १९८७ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वर्गवारीच्या नावाकडे पाहायचे नाही, प्रत्यक्ष कामाकडे पाहायचे. ही कसोटी यंत्रमागाच्या शेडपर्यंत पोचलेली दिसत नाही.

रुळांवरचा धडा

बुऱ्हाणपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. मुंबई ते दिल्ली ये-जा करणारी सीएसएमटी–हजरत निजामुद्दीन राजधानी याच मार्गाने धावते. सप्टेंबर २०२५ मध्ये या राजधानीला इगतपुरीहून मुंबईत नेऊन सुरेखा यादव सेवेतून मोकळ्या झाल्या. साताऱ्याच्या या बाईंनी १९८९ मध्ये सहायक इंजिनचालक म्हणून सुरुवात केली तेव्हा साऱ्या आशियात हे काम करणारी दुसरी स्त्री नव्हती. मालगाडी, लोकल, ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन, मार्च २०२३ मध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत, आणि शेवटी राजधानी असा त्यांचा ३६ वर्षांचा प्रवास. घाटातून हजार टनांच्या गाड्या नेणाऱ्या या कारकीर्दीनंतर ‘जड यंत्र बाईला झेपत नाही’ हे म्हणणे टिकणारे नाही.

पण एकटीने दार उघडणे आणि मागून येणाऱ्यांना नीट चालता येणे यांत मोठे अंतर असते. आज देशात स्त्री इंजिनचालकांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे आणि त्यांची जाहीर तक्रार इंजिनाच्या वजनाबद्दल नाही. बहुतेक इंजिनांत शौचालय नाही, पाळी सलग कित्येक तासांची, आणि मध्ये उतरायला वेळ धरलेला नाही. त्यामुळे काही जणी पाणी पिणेच टाळतात, काहींनी कार्यालयीन कामावर बदली मागितली. पुरुष चालकही हीच अडचण दशकानुदशके सोसत होते. बायका आल्या तेव्हा ती बोलली गेली. विविधतेचा हा फायदा फारसा सांगितला जात नाही. नव्या माणसाची गरज म्हणून जी सोय होते, ती जुन्यांच्याही कामी येते.

अशीच गोष्ट पुण्याच्या टेल्कोची. १९७४ मध्ये ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे लिहिलेली जाहिरात पाहून सुधा कुलकर्णी या तरुण स्त्री अभियंत्याने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले, आणि पुढे त्याच सुधा मूर्ती टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर रुजू झालेल्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात मोटारींच्या जुळणीची अख्खी लाइन स्त्रिया चालवतात. यंत्रे काही हलकी झाली नाहीत. भरती कुणाची करायची याचा निर्णय बदलला, आणि बस, वसतिगृह, प्रशिक्षण यांवर पैसा खर्च झाला.

राखीव जागांचा हिशेब

बुऱ्हाणपूरच्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींत सध्या तापलेला विषय म्हणजे मध्य प्रदेशातील सरकारी नोकऱ्यांतले ३५ टक्के महिला आरक्षण. १९९७ च्या नियमांनी इथे स्त्रियांसाठी जागा राखीव झाल्या. पुढे ते प्रमाण ३३ टक्के झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ३५ टक्क्यांना मंजुरी दिली. सीमेपलीकडे, महाराष्ट्राने १९९४ च्या पहिल्या महिला धोरणाबरोबर ३० टक्क्यांचा रस्ता धरला होता. गुणवत्तेला बाधा येते, ही मुलांची तक्रार खोटी म्हणून झटकता येणार नाही. जागा मोजक्या आणि उमेदवार लाखोंनी असताना प्रत्येक नियम कुणाला तरी बोचतोच. पण हे समांतर आरक्षण आहे. ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत लागू होते, आणि निवडलेल्या स्त्रीलाही तीच परीक्षा द्यावी लागते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या अशाच नियमाला वैध ठरवले, ते स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणाऱ्या अनुच्छेद १५(३) च्या आधारे.

अशा धोरणाने लोकांचे काम सुधारते का, याचे चाचणी घेऊन मिळालेले उत्तर मध्य प्रदेशातच आहे. राज्यातील १८० पोलीस ठाण्यांत एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. काही ठाण्यांत महिलांसाठी मदत कक्ष उघडले, काहींत ते कक्ष स्त्री पोलिसांकडे सोपवले, बाकी ठाणी होती तशी ठेवली. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारींची दखल वाढली. गुन्हा नोंदवण्याचे प्रमाण मात्र मुख्यतः वाढले ते स्त्री पोलिसांच्या हाती असलेल्या कक्षांत. पुढे हे कक्ष ‘ऊर्जा’ नावाने राज्यभर पसरले. खुर्चीवर कोण बसते यावरून कागदावर काय उतरते हे ठरते, याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

त्याच राज्याच्या उत्तर भागात १९७ ग्रामपंचायतींत झालेला दुसरा अभ्यास तितकाच मोलाचा. रोजगार हमीची मजुरी स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा केली आणि खाते कसे वापरायचे ते शिकवले, तेव्हा स्त्रियांचे कामावर जाणे वाढले. शिवाय बायकांनी बाहेर काम करण्याबद्दलची त्यांची स्वतःची मतेही मोकळी झाली. घरच्यांचे मन बदलायची वाट न पाहता आधी पैशाची वाट बदलली होती.

दहाच्या आत

इथवरचे सगळे उपाय एका अदृश्य उंबऱ्याशी थांबतात. जुन्या कारखाना कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच तो ‘कारखाना’. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अंतर्गत समिती दहा कामगारांपासून पुढे. कर्मचारी राज्य विमा दहापासून पुढे. पाळणाघर सक्तीचे होते ते पन्नासांपासून पुढे. बुऱ्हाणपूरची शेड आठ मागांची असते. दोन विणकर, एक मदतनीस, मागांची दुरुस्ती पाहणारा एखादा जॉबर. आणि घरी बसून कांडी भरणारी बाई तर कुणाच्याच हजेरीपत्रकात नसते. देशातल्या श्रम कायद्यांचा मोठा भाग तिच्या गल्लीच्या तोंडाशीच संपतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीची मुभा मिळाली, हे मोठे पाऊल आहे. जुन्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ मधली रात्रबंदी मद्रास उच्च न्यायालयाने २००० सालीच घटनाबाह्य ठरवली होती. पण ही मुभा देणाऱ्या संहितेनेच विजेवर चालणाऱ्या कारखान्याचा उंबरठा दहावरून वीसवर नेला. म्हणजे आधीच बाहेर असलेल्या शेड आणखी बाहेर गेल्या. रात्रपाळीचे स्वातंत्र्य बाईला मिळाले, पण तिला घरी पोचवणाऱ्या वाहनाची जबाबदारी ज्याच्यावर टाकता येईल असा ‘मालक’ कायद्याच्या नजरेत या गल्लीत नाही. छळाची तक्रार असेल तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अशी समिती आहे हे कांडी भरणाऱ्या किती जणींना माहीत असेल?

हा उंबरा ओलांडता येतो, हे आपल्याच देशाने दाखवले आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानले. तिला ओळखपत्र आणि कामाची वही मिळाली, पुढे भविष्यनिर्वाह निधीही. मालकांनी कायद्याला आव्हान दिले तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पान आणि तंबाखू देऊन विड्या घेणारा ठेकेदार आणि सुताचे कोन देऊन कांड्या घेणारा ठेकेदार यांच्यात फरक काय?

शहरापासून दूर, खकनार तालुक्यातल्या गावांत बाईचा वेळ मोकळा करणारा दुसरा बदल दिसतो. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. त्याच्या २५४ गावांतल्या १,०१,९०५ घरांत नळ पोचला. २०१९ मध्ये तो ३७,२४१ घरांतच होता. प्रत्येक गावात पाणी तपासायला स्त्रियांना शिकवले गेले. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८, असे आढळले. त्या २८९ मिनिटांतून पाण्याची खेप कमी झाली की केळीच्या खोडातून धागा काढणाऱ्या बचतगटाच्या यंत्रावर बसायला सकाळ मोकळी होते. या यंत्रावर खोडाची साल लोटायची, चिकट पाणी गळते, धागा बाहेर ओढायचा. काम जड आहे, ओले आहे आणि यंत्राचे आहे. बचतगटाचे असल्यामुळे ते बायांचे आहे, आणि तिथे नाजूक बोटांची गोष्ट कुणी काढत नाही.

माग बदलतो आहे

यंत्रमागाच्या धंद्यात आता धोट्याशिवायचे माग येत आहेत. रॅपिअर, वॉटरजेट. त्यांत बाण्याचे सूत थेट कोनावरून उचलले जाते. धोटाच नाही, म्हणून कांडीही नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव सगळीकडे हीच दिशा आहे, आणि बुऱ्हाणपूरला बाजारात टिकायचे असेल तर त्यालाही तिकडेच जावे लागेल. शेड बदलेल त्या दिवशी कांडी मशीन भंगारात जाईल आणि त्यासमोरची बाई कुठल्याही कागदावर बेकार म्हणून नोंदली जाणार नाही, कारण ती कामाला होती अशी नोंदच नव्हती. मुंबईच्या वाइंडिंग खात्याचे जे झाले तेच पुन्हा घडेल, या वेळी संप न होता आणि भरपाई न मिळता.

म्हणून बुऱ्हाणपुरात विविधता धोरणाचा अर्थ कंपनीच्या अहवालातल्या टक्केवारीपेक्षा वेगळा लावायला हवा. कांडीवालीला विडी कामगारासारखी वही आणि ओळखपत्र मिळावे. पाळणाघर एकेका मालकावर न टाकता वस्तीला एक असावे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पालना’ योजना त्यासाठीच आहे. बाळंतपणाच्या रजेचा पगार आठ मागांच्या मालकाने एकट्याने द्यावा, ही अपेक्षा अवाजवी आहे आणि तिची भीती दाखवूनच बाईला नाकारले जाते. तो खर्च विम्यातून आणि सरकारी तिजोरीतून यावा, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा प्रसूती करारही सांगतो आणि १९२८ मध्ये बाबासाहेबही तेच सांगत होते.

आणि नवा माग घेण्यासाठी सरकार अनुदान देते, त्याला एक अट जोडता येईल. ज्या शेडमधून कांडी मशीन उठेल, तिथल्या कांडीवालीला नव्या मागाच्या प्रशिक्षणात पहिली जागा द्यावी, चोख मजुरीवर आणि दिवसपाळीपासून सुरुवात करून. रॅपिअरवर विणकराला ताकद लावायची नसते. सुताचा ताण ओळखायचा असतो, तुटलेले टोक झटकन शोधायचे असते, अनेक मागांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे असते. वर्षानुवर्षे नेमके हेच करत आलेल्या शेकडो बाया या गल्ल्यांत आजच आहेत, आणि मालकाला नवा विणकर शोधायला त्यांच्यापलीकडे जायची गरज नाही.